आईच्या हातचा लेप

आई, दसऱ्याच्या आधल्या दिवशी तुझ्या नातीचा पुण्याहून फोन आला होता. तुझ्या लेकाची धाकटी. तू गेलीस तेव्हा ती वर्षाचीही नव्हती. नोकरी सोडून ती आता घरी उटणं करते आणि मोबाइलवर त्याचे व्हिडिओ टाकते. ओट्यापाशी उभी राहून मसूर डाळ, हळद, साय अशा वाट्या ओळीनं मांडते आणि हसून बोलते. दिवाळीसाठी ती पाकिटं काढणार होती आणि पाकिटावर तिला तुझा फोटो हवा होता, खाली चार ओळी. "आत्या, तू शिक्षिका आहेस, तूच लिही. आजी नांदुऱ्यातल्या नवरीमुलींना लेप लावायची ना, तसं काहीतरी. गोड लिही." मी हो म्हटलं. कागद घेऊन बसले आणि 'माझ्या आईच्या हाताला गुण होता' एवढं एक वाक्य लिहिलं. मग मला मळमळायला लागलं. उठून मोरीत गेले, चूळ भरली, परत येऊन ते वाक्य खोडलं. त्याखाली हे लिहायला घेतलं ते आज दिवाळी उलटून गेली तरी संपलेलं नाही.

आपल्या स्वयंपाकघराचा वास अजून माझ्या नाकातून जात नाही. दुसऱ्यांच्या घरी फोडणीचा वास यायचा, आपल्याकडे शिळ्या सायीचा. चार-चार दिवसांची साय तू फडताळात वाटीत झाकून ठेवायचीस. तिच्यावर पिवळट थर यायचा, कडेला हिरवं धरायचं, तरी तू टाकत नव्हतीस. आंबट साय जास्त मळ काढते म्हणायचीस. गच्चीवर सुपात संत्र्याची सालं वाळत असायची, बादलीत मेथीदाणे भिजून बुळबुळीत झालेले असायचे, किसलेल्या बटाट्याचं पाणी ओट्यावर काळं पडत असायचं. पाटा एकच होता. सकाळी त्याच्यावर आंबेहळद आणि सालं वाटली जायची आणि संध्याकाळी चटणी. त्या चटणीला नेहमी एक कडवट, तोंडाला लावायच्या वस्तूची चव असायची. एकदा बाबांच्या घासात लांब केस आला. आपल्या घरातल्या कोणाचाच नव्हता तो, इतका लांब होता. बाबा कापसाच्या जिनिंगमध्ये दिवसभर आकडे लिहून आलेले, भुकेले. त्यांनी ताट सरकवलं आणि म्हणाले, "हे खायाचं हाये का तोंडाले लावायाचं?" तू वर न पाहता म्हणालीस, "दोन्ही होते."

दुपारी बाया यायच्या. पैसे तू कधी घेतले नाहीस, ते मी कबूल करते. कोणी खण द्यायचं, कोणी शेतातल्या शेंगा. तुला त्या बाया हव्या असायच्या, तोंडं वर करून ओसरीत ओळीनं बसलेल्या, डोळे मिटलेल्या, तू म्हणशील तोपर्यंत न बोलणाऱ्या. लेप वाळला की त्यांच्या गालांवर भेगा पडायच्या. ओठांच्या कडेला माश्या बसायच्या आणि बोलायचं नाही म्हणून त्या नुसत्या फुंकर मारून माशी उडवायच्या. एकीच्या गालावरून निथळलेलं तू बोटानं वाटीत परत ओढायचीस आणि तीच वाटी पुढचीसाठी घ्यायचीस. मी शाळेतून आले की त्या वाट्या घासायचं काम माझं. कोमट पाण्यात हात घातला की बेसन, साय आणि परक्या बायांच्या घामाचा एक चिकट थर बोटांना लागायचा. आजही शाळेत कोणी पिठलं आणलं तर मी डबा दुसरीकडे करून बसते.

पण त्या बायांच्या आधी मी होते. तू गोरी, बाबा काळे, आणि मी बाबांवर गेलेली. पाहुण्यांपुढे तू म्हणायचीस, "नाक माह्यं हाये, रंग तेवढा त्यायचा." कुठलंही नवं मिश्रण तू आधी माझ्यावर लावून पाहायचीस. डाळ वाटताना पाणी टाकायचं की दूध, हळद किती घातली तर पिवळेपणा उरत नाही, मध किती वेळ ठेवला तर मुंग्या येतात, हे सगळं तू माझ्या अंगावर शिकलीस. आठवीत असताना तू माझ्या केसांना अंडं लावलंस. देवघर असलेल्या घरात अंडं आलं म्हणून आधी ते पदराखाली लपवलंस, मग माझ्या डोक्यावर फोडलंस. धुताना पाणी कढत घेतलं आणि ते अंडं केसांतच शिजलं. पांढरे बारीक गोळे विंचरून निघेनात. तशीच वेणी घालून तू मला शाळेत पाठवलंस. दुपारी ऊन चढलं तशी माझ्या बाकावरची मुलगी नाकाला रुमाल लावून दुसऱ्या बाकावर गेली. घरी येऊन मी रडले तेव्हा तू रागावलीस. "गोऱ्या पोरीच्या डोक्याले वास आला तं लोकं विसरतात. तुह्या रंगाले काय करू मी?"

रविवारी तू मला मोरीत बसवून अंगावर मसुरीचं वाटण रगडायचीस. वाळत आलेलं वाटण खालून वर घासायचीस, लव उपटली जायची, कातडी लाल व्हायची. मग माझ्या दंडावरून काळपट वळ्या निघायच्या. त्या तू तळहातावर घेऊन मला दाखवायचीस. "पाह्य, किती निघून राह्यलं. आत गोरीच हायेस तू." मी त्या वळ्यांकडे पाहायचे आणि मला माझीच शिसारी यायची. इतका मळ एका मुलीच्या अंगातून दर रविवारी निघतो, म्हणजे ती आतून कशाची बनलेली असेल, असं वाटायचं. माझं लग्न झालं, लेक झाली, तेव्हा एकदा तिच्या बाबांच्या हातावर सहज बेसन चोळून पाहिलं. मग शेजारच्या गोऱ्यापान सुनेच्या हातावर. दोघांच्याही हातावरून तशाच काळपट वळ्या निघाल्या. ते पीठच होतं, आई. कुणाच्याही अंगावर घासलं तरी तसंच होतं. तुला हे ठाऊक होतं का, ते मला कधी कळलं नाही. आणि लेप किंवा वाटण लावण्याखेरीज तू मला कधी हात लावल्याचं मला आठवत नाही.

आता वडनेरच्या त्या मुलीचं लिहिते.

मी सतरा वर्षांची होते, ती माझ्याहून दोनएक वर्षांनी मोठी. वडनेर भोलजीहून आपल्या आईबरोबर आली होती. सोयरीक ठरलेली, लग्न दहा दिवसांवर, आणि मुलाकडची एक बाई साखरपुड्यात म्हणून गेली होती की पोरगी फोटोपेक्षा सावळी आहे. तिची आई ओसरीत बसून पदरानं डोळे पुसत होती. तू मुलीची हनुवटी धरून तोंड उजेडाकडे फिरवलंस आणि म्हणालीस, दहा दिवसांत डाळ-साय पुरायची नाही, लिंबू लागेल. आदल्याच आठवड्यात लिंबाचा रस आणि खायचा सोडा तू माझ्या मानेवर लावून पाहिला होतास, दिवेलागणीला, घरात. झोंबलं होतं. मी तसं म्हटलं तर तू म्हणालीस, "जळते म्हणजे काम करून राह्यलं." सकाळी मानेवर काही दिसलं नाही, म्हणून ते पास झालं होतं.

तिच्यासाठी तू वाटीत चार लिंबं पिळलीस. सोडा घातल्यावर ते फसफसून वर आलं. कापसाच्या बोळ्यानं तिच्या कपाळाला, गालांना, गळ्याला लावलंस आणि उन्हात वाळलं की रंग उडतो म्हणून तिला गच्चीवर बसवलंस. वैशाखातली दुपार होती. तिची आई खाली तुझ्याशी बोलत बसली आणि तू मला वर पाठवलंस, अर्धा तास होईपर्यंत धुऊ देऊ नको म्हणून. ती पोत्यावर पाय दुमडून बसली होती. थोड्या वेळानं म्हणाली, "ताई, लय आग होऊन राह्यली व. धुऊ का?" वयानं मोठी असून ती मला ताई म्हणत होती. मी म्हटलं, थांब. ती परत म्हणाली. तिचा हात गालाकडे गेला तेव्हा मी तिची दोन्ही मनगटं धरली. ती माझ्याहून उजळ होती, आई. ती मनगटं धरून बसताना माझ्या मनात स्पष्ट आलं होतं की मी इतकी वर्षं सोसलं, हिनं अर्धा तास सोसलं तर काय बिघडलं. ती ओरडली नाही. डोळे मिटून, जबडा आवळून बसली, आणि मी अर्धा तास तिला सोडलं नाही.

तिसऱ्या दिवशी तिची आई तिला घेऊन परत आली. तोंडावरून पदर काढला तेव्हा मी मागे सरले. कपाळावर आणि दोन्ही गालांवर पाण्यानं भरलेले फोड, काही फुटून ओले झालेले. गळ्यावर जिथं जिथं रस ओघळला होता तिथं तिथं तांबडे पट्टे, बोटं ओढल्यासारखे. तू ते पाहिलंस. तुझा चेहरा एक क्षण उतरला, तो मी पाहिला, आणि मग तू म्हणालीस, "माह्या लेपानं असं होत नाही. हिनं बाजारचं काही लावलं असन." तिची आई म्हणाली, नाही लावलं बाई, देवाची शपथ. तेव्हा तू माझ्याकडे मान वळवलीस. "विचारा माह्या पोरीले. ते होती तिच्यासंगं."

तू एवढंच म्हणालीस. पुढचं मी केलं. इतकी वर्षं मी मनात तुझ्यावरच ढकलत आले म्हणून आज नीट लिहिते: तू मला डबी सांगितली नव्हतीस. मीच म्हणाले, हो, तिच्या पिशवीत क्रीमची डबी होती, पांढरी, गुलाबी झाकणाची, गच्चीवर तिनं ती काढून लावली. त्या मुलीनं माझ्याकडे पाहिलं. फोडांमुळे तिचा एक डोळा अर्धाच उघडत होता. तिच्या आईनं तिच्या दंडाला धरून उठवलं आणि दोघी गेल्या.

त्या संध्याकाळी तू मला बाबांच्या आधी वाढलंस. भातावर तुपाची सबंध पळी ओतलीस आणि म्हणालीस, "शहाणी हाये माही पोरगी." तू मला त्याआधी असं कधी म्हणाली नव्हतीस. मी तो भात खाल्ला. बोटं चाटून खाल्ला. मळमळ मला आता येते. त्या दिवशी आली नव्हती.

तिची सोयरीक मोडल्याचं आठवड्यात कळलं. तुझ्याकडच्या बाया कमी झाल्या नाहीत. डबीची गोष्ट त्यांच्यात आधीच पोचली होती आणि बाजारच्या क्रीमनं कसं तोंड जळतं हे तू प्रत्येकीला सांगत होतीस. लिंबू मात्र तू बंद केलंस, कोणाला काही न सांगता. म्हणजे तुला कळलं होतं. नऊ वर्षांनी तू आजारी पडून गेलीस. शेवटच्या आठवड्यात कोणी भेटायला येणार असलं की तू मला बेसन-साय लावायला सांगायचीस, पिवळी दिसते म्हणून. तोपर्यंत तू कधी स्वतःच्या तोंडाला काही लावलं नव्हतंस. मी लावायचे. तुझी कातडी इतकी पातळ झाली होती की रगडायची भीती वाटायची. त्या तोंडाला आलेल्या आंबट वासानं मी श्वास धरून राहायचे, आणि वडनेरचं विचारायचं विचारायचं म्हणत विचारलं नाही.

गेल्या वर्षी एका प्रशिक्षणात वडनेरच्या शाळेची शिक्षिका माझ्या शेजारी होती. जेवताना ती सांगत होती की त्यांच्या शाळेत खिचडी शिजवणारी बाई मुलींना बजावते, तोंडाले काही फासू नका, माह्यं जळलं होतं नांदुऱ्यात. मी मान खाली घालून जेवले. वर्षभर काही केलं नाही. तुझ्या नातीचा फोन आला त्यानंतरच्या आठवड्यात मी रजा टाकली. देऊळगाव राजातल्या माझ्या घरून पहाटे निघाले, खामगावला बस बदलली, नांदुऱ्याहून मलकापूरच्या बसनं वडनेरच्या फाट्यावर उतरले. शाळेच्या मागे ती पातेल्यात उलथणं फिरवत होती. मला पाहून हात पुसत आली. "मॅडम, तपासणीले आल्या का? तेल आज बरोबर टाकलं बरं."

मी म्हटलं, तपासणी नाही. मी नांदुऱ्याची. तू लग्नाआधी लेप लावायला आली होतीस, त्या बाईंची मुलगी.

तिनं माझं तोंड निरखलं. तिचा चेहरा स्वच्छ होता, आई. उन्हानं रापलेला, पण डाग एकही नव्हता. मग पोत्याची घडी पुढे सरकवून म्हणाली, "बस." 'मॅडम' म्हणणं गेलं होतं.

"डाग गेले व सारे," ती आपणच म्हणाली. "दीडक वर्ष लागलं. मंग जामोदकडे देलं मले. माणूस चांगला होता, वारला. म्हून इथी आली परत. ते काही नाही." ती पातेल्याखालची लाकडं मागे ओढू लागली. "तुले एक विचारू का? डबीले झाकण कोणत्या रंगाचं सांगतलं होतं तू?"

"गुलाबी," मी म्हटलं.

"हाव, गुलाबी. माह्या मायले तेच पटलं. म्हणे, झाकणाचा रंगही सांगून राह्यली ते पोरगी, खोटं कायले सांगन? घरी जाऊन तिनं माही पिशवी उलटी केली. पेटी झाडली. धान्याच्या कोठीत हात घालून पाह्यलं. रोज विचारे, कुठी लपवली. मी म्हणो, नव्हती व माय. आठव्या दिवशी सोयरीक मोडल्याचा निरोप आला तव्हा तिनं मले मारलं. फोडं होते त्याच गालावर. मंग मी म्हतलं, हाव, होती, विहिरीत टाकून देली." तिनं आणखी एक लाकूड मागे ओढलं. "माय मरेपावतर तिले वाटे का मीच माह्यं तोंड जाळून घेतलं."

मी म्हटलं, "डबी नव्हती."

"मले माहीत नाही का ते?" ती म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, आणि तेच मला सोसवेना. "माह्या मायले सांगायले पाह्यजे होतं तू. मले सांगून काय होते आता?"

मी म्हटलं, माझं चुकलं. घंटा झाली, पोरं ताटल्या वाजवत आली, आणि ती उठून वाढायला लागली. मी थोडा वेळ उभी राहिले. तिनं वळून पाहिलं नाही. फाट्यावर बस पाऊण तासानं आली.

घरी येऊन तुझ्या नातीला फोन केला आणि सगळं सांगितलं, तूप सोडून. ती ऐकत होती. शेवटी म्हणाली, "आत्या, हे फारच वाईट आहे. पण मी लिंबू घालतच नाही ना." मी म्हटलं, आजीचा फोटो मी देणार नाही. तिचा आवाज जरा पडला. मग म्हणाली, "बरं, मग एखाद्या आजीचं चित्रच काढून घेते." पाकिटं निघाली. एक मला पाठवलं. वर नऊवारीतली गोरीपान, गोड हसणारी बाई आहे, आपल्या ओळखीची नाही. पाकीट उघडलं नाही. तरी वास येतच होता. पिशवीत बांधून कचऱ्याच्या गाडीत टाकलं.

हे मी कोणाला दाखवणार नाही, तुझ्या फोटोपुढेही ठेवणार नाही. वहीत राहील, पुढे कधीतरी रद्दीत जाईल. तुझी किळस येते असं मी इतकं लिहिलं, ते खरंच आहे. पण एक सांगायचं राहिलं. गेल्या महिन्यात माझ्या लेकीला मुलगी झाली. नर्सनं बाळ दुपट्यात गुंडाळून आधी माझ्या हातात दिलं. लेक पलंगावर थकून पडली होती. मी बाळाचे डोळे पाहिले नाहीत, बोटं पाहिली नाहीत. खिडकीपाशी गेले, दुपटं बाजूला केलं आणि तिचा इवलासा कान दुमडून कानाची कड उजेडात धरली, कारण कानाच्या कडेचा रंग पुढे अंगावर येतो असं तू सांगायचीस.

"काय पाहतेस, आई?" लेकीनं विचारलं.

"काही नाही," मी म्हटलं आणि दुपटं कानावर ओढून घेतलं.